रूबीला घरी पाठव

१

हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडतो त्या दिवशी पोर्ट अल्मात निम्मी माणसं आजारी पडतात. आजार सगळ्यांचा एकच, औषध रानात, आणि साहेबांनाही तो होत असल्यामुळे कुणी कुणाला जाब विचारत नाही. त्या दिवशीही कारच्या आसनांचे सांगाडे जोडणाऱ्या आमच्या कारखान्यात रोबोंभोवतीचे सगळे जाळीचे पिंजरे बंद होते. चालू होता तो फक्त चौथा. आणि त्याच पिंजऱ्यात, जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी, व्हर्लिन कूम्स मेला.

वेल्डिंग करणाऱ्या रोबोने त्याला कोपऱ्यातल्या जाळीशी दाबलं होतं. व्हर्लिननेच त्या रोबोला प्रत्येक हालचाल शिकवलेली. हातात बटणांची पाटी धरून, एकेक बिंदू दाखवत, लहान मुलाकडून अक्षरं गिरवून घ्यावीत तसं.

युनियनतर्फे सुरक्षेचं काम बघणारी लोरेन माझुरेक धावत आली, तेव्हा पिंजऱ्याबाहेर देशॉना पेटीग्रू जमिनीवर बसली होती. रोबोपुढे सुटे भाग मांडायचं काम तिचं. सुरू करायचं बटणही तिच्याच हाताखाली.

"मिस लोरेन, त्यानेच सांगितलं हो!" देशॉना म्हणाली. "तो म्हणाला, रूबीला घरी पाठव. मी पाठवलं."

रूबी म्हणजे तो रोबो. व्हर्लिननेच ठेवलेलं नाव. आणि काम झाल्यावर रोबो हात आखडून ज्या ठरलेल्या कोपऱ्यात जाऊन उभा राहतो, त्या जागेला कारखान्यात सगळे घर म्हणतात. 'घरी पाठव' म्हणजे बटण दाब, हात कोपऱ्यात जाऊ दे. इथे नवीन आलेल्या पोरालाही पहिल्या दिवशी एवढं कळतं.

"तो आत होता, देशॉना."

"मला दिसतं का तिथून? मधे तो वेल्डिंगचा काळा पडदा. आत कचरा साफ करायला गेला, बाजूच्या दाराने. बाहेर आला की पडद्यामागून ओरडतो, रूबीला घरी पाठव. रोज असंच. आजही तसाच ओरडला." ती थांबली, मग खालच्या आवाजात म्हणाली, "आणि पुढे म्हणाला, मागचं दार उघडंच आहे."

लोरेनने पिंजऱ्याच्या मागे जाऊन पाहिलं. पाठीमागे नवी भिंत उभी राहिली, तेव्हापासून मागच्या दाराला लोखंडी पट्टी ठोकलेली होती. त्या पट्टीवर धुळीचा जाड थर होता आणि त्याला कुणाचं बोट लागलेलं नव्हतं.

२

"बोलूनचालून खोटं, आणि तेही धड जमलेलं नाही," ब्रॅड हूकस्ट्रा म्हणाला.

हा कारखान्याचा व्यवस्थापक. शिकारीचे नारिंगी कपडे अंगावर तसेच ठेवून रानातून आला होता. चेहरा उतरलेला होता, पण तोंड चाललं होतं.

"मागचं दार उघडं असतं तर रोबो हललाच नसता. कुठलंही दार उघडं असलं की तो थांबतो, आणि बाजूचं दार तर व्हर्लिनने मागे ओढून घेतलेलंच होतं. पोरीने कंटाळून बटण दाबलं आणि आता मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीबाही घालतेय."

"आणि व्हर्लिनचं कुलूप?" लोरेनने विचारलं.

पिंजऱ्यात जाणाऱ्याने आपलं नाव लिहिलेलं कुलूप विजेच्या खटक्याला लावायचं आणि ते दुसऱ्या कुणी काढायचं नाही, हा नियम. व्हर्लिनचं कुलूप त्याच्या खिशात सापडलं होतं.

हूकस्ट्रा खिडकीबाहेर बघायला लागला.

"ब्रॅड, तू सांगत नाहीस ते मी सांगू? कुलूप लावलं की रोबो झोपतो. पुन्हा जागा करायला वेळ जातो. म्हणून झाडलोटीसाठी कुलूप नको, शब्द पुरे, असं तूच चालवून घेतलंस. कागदावर नाही, तोंडी."

"सगळीकडे तसंच चालतं."

"म्हणून सगळीकडे माणसं मरतात."

हूकस्ट्राने दार लोटून घेतलं. मग जरा जवळ सरकून, आवाज मऊ करून म्हणाला, "लोरेन, समज पोरगी खरं बोलतेय. व्हर्लिन ते बोलला. आत, बरोबर त्या कोपऱ्यात उभा राहून बोलला. रूबीचा हात कुठे येतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं? बाई नाही, पोर नाही, सणावाराला हटकून कामावर यायचा. आता मी आणखी काय बोलू?"

रागाच्या भरातही लोरेनला ते पटत होतं. शुक्रवारी चौकशी होती. देशॉना खोटी ठरली तर ती एका माणसाला मारणारी म्हणून गावभर होणार, आणि खरी ठरली तर व्हर्लिन कूम्सने आपल्या हाताने मरण मागून घेतलं होतं. तिसरी वाट कुठे दिसत नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, लोरेनने डबा गाडीतच खाल्ला. रोजच खायची. नवरा गेल्यापासून जेवणाच्या खोलीतल्या गप्पा तिला सोसवत नव्हत्या. लोक तिच्याशी बोलताना आजाऱ्याशी बोलल्यासारखं बोलत. गाडीत बसून तिला काचेतून एकच गोष्ट दिसायची. माल चढवायच्या दाराशी एका पेटीवर बसून एकटा जेवणारा व्हर्लिन. दोघं एकमेकांना हात करायची. एवढ्या वर्षांत ना ती खाली उतरली, ना तो गाडीपाशी आला. मागच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला त्याला घरी जेवायला बोलवावं असं तिच्या मनात आलं होतं. मग राहून गेलं, आणि राहून गेलं याचं तिला तेव्हा काही वाटलंही नव्हतं.

आज ती पेटी रिकामी होती. लोरेनने सूप तसंच झाकून ठेवलं आणि ती आत गेली.

ती पिंजऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. वीज तोडलेली रूबी तशीच उभी होती. पिवळीधम्मक, अंगावर वेल्डिंगचे काळे डाग.

"हिला रूबी का म्हणायचे?" तिने देशॉनाला विचारलं. देशॉनाला घरी बसायला सांगितलं होतं, पण ती आपली पिशवी न्यायला आली होती.

"लाल असेल म्हणून. माणिक लाल असतं ना?"

"ही तर पिवळी आहे."

देशॉनाने रूबीकडे पाहिलं. जणू आजच पाहत होती. "ती पहिल्यापासून पिवळीच आहे, मिस लोरेन."

"मला एक सांग. 'रूबीला घरी पाठव' एवढंच सांगितलं असतंस तर तुझं म्हणणं निभावलं असतं. ते मागच्या दाराचं कशाला सांगितलंस? त्यानेच तू गोत्यात आलीस."

"कारण तो बोलला ते!" पोरगी चिडली. "मला अर्थ नाही लागला. पहिलं ऐकलं आणि माझा हात सवयीने बटणावर गेला. दुसरं कानावर पडेपर्यंत रूबी निघाली होती. आवाज पण वेगळाच होता त्याचा. त्याचे शेवटचे शब्द आहेत, ते अर्धे कसे सांगू?"

खोटं बोलणारा माणूस स्वतःच्या फायद्याचं बोलतो, लोरेनच्या मनात आलं. हिने स्वतःचा गळा कापणारं वाक्य सांगितलंय. म्हणजे ते वाक्य खरं आहे.

मग तिने व्हर्लिनचं सामान मागवून घेतलं. चष्मा, खिशातलं कुलूप, आणि कमरेचा बोलका रेडिओ, म्हणजे वॉकी-टॉकी, एका बाजूने फुटलेला. व्हर्लिनसारख्या दुरुस्तीवाल्यांचा रेडिओ कायम दोन नंबरच्या चॅनेलवर असतो. ह्याची खुंटी नऊवर होती. नऊवर फक्त मालाचे ट्रक आणि फाटकावरचा पहारेकरी बोलतात.

व्हर्लिनला फाटकाशी काय बोलायचं होतं?

४

फाटकावरच्या खोपटात गस नीमी होता. थेट आमच्या राज्याच्या वरच्या द्वीपकल्पातला फिनिश गडी, जिथे शिकार म्हणजे सणच. शिकारीचा पहिला दिवस चुकवणारा त्याच्या घराण्यातला बहुधा पहिलाच. गुडघे गेले होते. तो आणि व्हर्लिन दर गुरुवारी जोडीने पत्ते खेळायचे आणि दर गुरुवारी हरल्याचं खापर एकमेकांवर फोडायचे.

"ये," गस म्हणाला. बसायला मात्र सांगितलं नाही.

"त्या दिवशी व्हर्लिनशी बोललास का रे?"

"सकाळी आला तेव्हा. मी म्हटलं, मरतुकड्या, आज तरी सुट्टी घे. तो म्हणाला, हरणांनी माझं काय वाकडं केलंय?"

"नंतर? रेडिओवर?"

"नाही."

"कुणी भेटायला आलं होतं?"

"शिकारीच्या दिवशी कोण येणार? एक ट्रक आला, बस." गसने भिंतीकडे बघत उत्तर दिलं. हा माणूस पत्त्यांतही असाच होता. हातात चांगलं पान आलं की भिंतीकडे बघायचा. म्हणून तर ते दोघं हरायचे.

खोपटाच्या फळीवर पत्र्याचा एक गोल डबा होता. झाकण अर्धवट लागलेलं. आत केक दिसत होता, भाकऱ्यांच्या चवडीसारखे पातळ थर आणि मधे काळपट सफरचंदाचा लगदा. केकला सुरीसुद्धा लागलेली नव्हती.

"हे काय, तुला साखर आहे ना?"

"मेहुणीने दिलाय."

"तुझ्या मेहुणीला केक येतो?"

"माणसं शिकतात," गस म्हणाला, आणि त्याने डब्याचं झाकण दाबून बसवलं.

लोरेन बाहेर पडली. तसला केक तिने कधी पाहिला नव्हता, पण त्याच्याविषयी ऐकलं होतं. कुणाकडून, ते काही केल्या आठवेना.

५

गुरुवारी कुत्र्याचा प्रश्न निघाला. व्हर्लिनचं बिस्किट नावाचं म्हातारं कुत्रं घरात होतं, शेजारी रानात गेलेले, आणि नातेवाईक म्हणून कंपनीच्या कागदावर कुणाचंच नाव नव्हतं. दोन दिवस कुणाच्या लक्षातच आलं नाही. लोरेन मनातल्या मनात स्वतःला शिव्या देत गाडी घेऊन निघाली.

छोटं घर. पुढच्या पायऱ्यांवर लाकडं रचलेली, दारापुढे बर्फ उपसायची फावडी. त्या दाराने वर्षानुवर्षं कुणी आत गेलं नसणार. आमच्याकडे बहुतेक घरांचं तेच आहे. पुढचं दार पोस्टमनला आणि पाद्रीबाबांना. घरचं माणूस मागून येतं.

किल्ली आणायची राहिली म्हणून ती चरफडत मागे गेली. आत बिस्किट केविलवाणं भुंकत होतं. तिने उगाचच मूठ फिरवली.

दार उघडलं. कुलूप नव्हतंच. कुत्रं तिच्या पायांत आलं आणि लोरेन तिथेच, उंबऱ्यावर, हात मुठीवर ठेवून उभी राहिली.

मागचं दार उघडंच आहे.

घर. आम्ही सगळे किती मूर्ख, तिला वाटलं. इतकी वर्षं हा शब्द आमच्या कानांत एकाच अर्थाने बसलाय. कुणी 'घर' म्हटलं की आम्हाला पिंजऱ्याचा कोपरा दिसतो. गावातल्या शेंबड्या पोराला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं घर म्हणजे काय ते.

आणि मग तिला केक आठवला. कुठल्याशा नाताळच्या मेजवानीत सगळे आपापल्या गावचं गोडाधोडाचं सांगत होते. व्हर्लिन कधी नव्हे तो बोलला होता. आमच्या केंटकीच्या डोंगरात लग्नाला थरांचा केक असतो, वाळवलेल्या सफरचंदांचा. माझी बायको करायची. मग तो उठून निघून गेला होता, आणि त्याच्या मागे कुणी गेलं नव्हतं.

तिने बिस्किटला खायला घातलं, पाणी ठेवलं, आणि गाडी तशीच फाटकाकडे घेतली.

६

या वेळी तिने गसला काही विचारलं नाही. सरळ फळीवरचा डबा काढला आणि उलटा केला. चर्चच्या जेवणावळीत भांडी वाहिलेल्या बाईला ही सवय असते. भांडं परत कुणाकडे जायचंय ते बुडाला चिकटपट्टीवर लिहिलेलं असतं.

पट्टीवर लिहिलं होतं, रूबी कूम्स. खाली केंटकीतल्या एका चर्चचं नाव.

"मेहुणी तुझी?" लोरेन म्हणाली.

गस खुर्चीत बसला. एवढा दांडगा गडी, पण खांदे गळाले.

"मुलगी त्याची," तो म्हणाला. "मला तरी कुठे माहीत होतं त्याला मुलगी आहे ते! मीही समजायचो, रूबी म्हणजे ते यंत्र."

"मग?"

"ट्रकच्या पुढे एक जुनी गाडी थांबली. बाई उतरली. म्हणाली, व्हर्लिन कूम्सला सांगा, रूबी आलीय. त्याला वेळ असेल तरच. आधी मी त्याला दोनवर हाक मारून नऊवर बोलावलं. मग सांगितलं, बाबा रे, फाटकावर एक बाई आहे, म्हणते मी रूबी. बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं रेडिओ गेला. मग त्याचा आवाज आला, 'रूबीला घरी पाठव.' मोठ्याने. तिनेही ऐकला. तेवढ्यात मागच्या ट्रकवाल्याने भोंगा वाजवला, पुढे काही कळलं नाही."

"तू तिला काय सांगितलंस?"

"सांगायची गरजच पडली नाही. ती म्हणाली, कळलं. हसली पण जराशी. डबा खिडकीत ठेवला आणि गेली." गसने डोळे पुसले. "आणि मग तो ॲम्ब्युलन्सचा आवाज. संध्याकाळी कुणीतरी म्हणालं, त्या पोरीचं म्हणणं असं असं आहे. तेव्हा मला समजलं. मी त्याला हाक मारली नसती तर..."

"तर तो जिवंत असता. हो. आणि तू मूग गिळून बसलास म्हणून त्या पोरीला उद्या आयुष्यातून उठवणार होते."

"मी उद्या बोलणार होतो, लोरेन."

"भिंतीकडे बघू नकोस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. "बोलणार होतो," तो म्हणाला, आणि या वेळी तिने ते खरं मानलं.

७

शुक्रवारच्या चौकशीत लोरेन उभी राहिली. हूकस्ट्रा समोर, शेजारी कंपनीचा वकील, कोपऱ्यात देशॉना, तिच्या मागे तिची आई.

"पिंजऱ्यात असलेला माणूस 'घरी पाठव' हा शब्द उच्चारत नाही, असं सगळे म्हणतात," लोरेन म्हणाली. "बरोबर आहे. व्हर्लिनने तो उच्चारलाच नाही. त्याच्या तोंडून निघाला तो दुसराच शब्द होता, मुलीसाठीचा, राहत्या घराचा, आवाज तेवढा एक. रेडिओ नऊवर होता म्हणजे तो फाटकाशी बोलत होता. नीट ऐकू यावं म्हणून धूर ओढणाऱ्या पंख्याच्या घरघरीपासून लांबच्या कोपऱ्यात गेला. तो कोपरा रूबीच्या घराचा. इतर कुठल्याही दिवशी हे त्याच्या ध्यानात आलं असतं. त्या दिवशी त्याला सांगितलं होतं की मुलगी फाटकावर उभी आहे. देशॉनाने ऐकलं ते अक्षर न् अक्षर खरं. गसने ऐकलं तेही खरं. फक्त गसला अर्धं ऐकू आलं, आणि जिला ते पूर्ण ऐकू आलं तिला ते कुणासाठी आहे हे माहीत नव्हतं."

गसने उठून आपली हकिकत सांगितली, भिंतीकडे न बघता. वकिलाने विचारलं, मग चूक कुणाची? लोरेन म्हणाली, कुलूप लावलेलं असतं तर रोबोला कुठलाच शब्द कळला नसता, आणि तिने हूकस्ट्राकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली. देशॉनावरचा आळ त्याच खोलीत मागे घेतला गेला. तरी बाहेर पडताना पोरगी लोरेनचा हात धरून म्हणाली, "बटण तर मीच दाबलं ना, मिस लोरेन?" लोरेनने पुढच्या सोमवारी जेवणाच्या सुट्टीत देशॉनाला आपल्या गाडीत बोलावलं, आणि दोघी सूप प्यायल्या.

चर्चचा फोन शोधून बातमी पोचवायला वेळ लागला नाही. रूबी कूम्स रविवारी परत आली होती. चाळिशीची, बापासारखेच लांब हात. ती काही रडली नाही. आई गेल्यावर बापाशी भांडण झालं होतं, कशावरून ते आता दोघांनाही नीट सांगता आलं नसतं, एवढंच म्हणाली. मग तिला रोबो बघायचा होता. लोरेनने नेलं.

"हिला माझं नाव?"

"त्यानेच ठेवलं. दिवसातून किती वेळा घ्यायचा ते."

रूबीने जाळीतून हात घालून त्या थंड पिवळ्या हाताला जरासं शिवून पाहिलं. "मला वाटलं, मला हाकलून दिलं," ती म्हणाली. "गावापर्यंत तेच ऐकत गेले. रूबीला घरी पाठव. रूबीला घरी पाठव."

बोलून पटलं नसतं. लोरेनने गाडी काढली आणि रूबीला त्या छोट्या घरापाशी आणलं. रूबी उतरून लाकडं रचलेल्या पुढच्या दाराकडे गेली, दारावर टकटक करायला हात उचलला आणि परक्या माणसासारखी थबकली.

"तिकडून नाही," लोरेन म्हणाली. "त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं. ट्रकच्या भोंग्यात उरलेलं गेलं. गसने ऐकलं नाही, तू ऐकलं नाहीस. त्या पोरीने ऐकलं."

"काय?"

"मागचं दार उघडंच आहे."

रूबीने उचललेला हात खाली घेतला. मग घराला वळसा घालून मागे गेली. मूठ फिरल्याचा आवाज आला, बिस्किटचं भुंकणं आलं, आणि त्यानंतर इतका वेळ दाबून धरलेला तिचा हुंदका.

लोरेन गाडीपाशीच थांबली होती. जरा वेळाने आतून हाक आली, "तुम्ही येताय ना?"

तीही मागून आत गेली.